मोशे शारेत : स्वसंरक्षण आणि जगाची नजर यांच्यामध्ये उभा राहिलेला पंतप्रधान

काही वर्षांपूर्वीपर्यंत इस्रायलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात वीस शेकेलची हिरवी नोट असे. तिच्यावर मिशी राखलेल्या, गंभीर चेहऱ्याच्या एका गृहस्थाचे चित्र होते. आता ती नोट चलनातून गेली आणि तिच्या जागी कवयित्री राहेल यांचे चित्र असलेली लाल नोट आली. जुन्या नोटेवरचे ते गृहस्थ म्हणजे मोशे शारेत, इस्रायलचे पहिले परराष्ट्रमंत्री आणि दुसरे पंतप्रधान. बेन-गुरिओन, दायान, गोल्डा मेयर ही नावे आपल्याकडे मुंबई-पुण्यातही घरोघरी ठाऊक आहेत. शारेत यांचे नाव मात्र रस्त्यांच्या पाट्यांवर उरले आहे. तरीही सशस्त्र हल्लेखोरांशी लढणाऱ्या लोकशाही राष्ट्राने जगाच्या प्रश्नांना किती उत्तर द्यावे, हा वाद आजही ज्या ज्या वेळी पेटतो, त्या त्या वेळी तो नकळत शारेत यांच्या काळातल्याच शब्दांत मांडला जातो. म्हणून त्यांचे आयुष्य पुन्हा एकदा सांगणे अगत्याचे वाटते.

शारेत यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८९४ रोजी खेरसन येथे झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. त्यांचे मूळ आडनाव शेर्तोक. शारेत हे हिब्रू नाव त्यांनी राज्यस्थापनेनंतर धारण केले. वडील याकोव्ह हे आरंभीच्या झायोनवादी तरुणांपैकी एक होते. एकदा पॅलेस्टाईनमध्ये येऊन ते रशियाला परतले होते आणि १९०६ मध्ये कुटुंबासह पुन्हा आले. या कुटुंबाने रामल्लाच्या उत्तरेला असलेल्या ऐन सिनिया या अरब खेड्यात बिऱ्हाड केले. बारा वर्षांचा मोशे तिथे दोन वर्षे अरब शेजाऱ्यांच्या मुलांत वाढला आणि त्यांची भाषा त्यांच्याच तोंडून शिकला. पुढच्या पिढीतल्या अनेक नेत्यांना अरब माणूस भेटला तो बंदुकीच्या टोकापलीकडे. शारेत यांना तो अंगणात भेटला होता. या एका गोष्टीने त्यांच्या पुढच्या राजकारणाचा बराचसा उलगडा होतो.

१९०८ मध्ये कुटुंब याफो येथे आले आणि वर्षभरात तेल अवीवच्या संस्थापक कुटुंबांत सामील झाले. हर्झलिया जिम्नेशियम या पहिल्या हिब्रू माध्यमिक शाळेच्या पहिल्याच तुकडीतून मोशे उत्तीर्ण झाले. कायद्याच्या शिक्षणासाठी ते इस्तंबूलला गेले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी तुर्की सैन्यात अधिकारी आणि दुभाषी म्हणून काम केले. युद्धानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिक्षण झाले. परतल्यावर १९२५ पासून ते कामगार चळवळीच्या 'दावार' या दैनिकात संपादकीय काम करू लागले. हिब्रू, अरबी, तुर्की, रशियन, यिद्दिश, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या भाषा त्यांना अवगत होत्या. हिब्रूच्या शुद्धतेविषयी ते इतके काटेकोर होते की सहकाऱ्यांच्या मसुद्यांतील व्याकरणाच्या चुका सुधारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्यांना केवळ भाषापंडित आणि मवाळ मनुष्य समजणे मात्र चुकीचे ठरेल. ज्यू समाजाच्या संरक्षण संघटनेशी, म्हणजे हागानाशी, त्यांचे घरचेच नाते होते. हागानाचे प्रमुख सूत्रधार एलियाहू गोलोम्ब आणि त्यांचे सहकारी दोव होझ हे दोघे त्यांच्या बहिणींचे पती, तर गुप्त स्थलांतर आणि शस्त्रखरेदी सांभाळणारे शाउल अविगुर हे त्यांच्या पत्नीचे बंधू. शस्त्र कशासाठी लागते, हे शारेत यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

जून १९३३ मध्ये तेल अवीवच्या समुद्रकिनाऱ्यावर हाइम अर्लोसोरोफ यांची हत्या झाली आणि ज्यूइश एजन्सीच्या राजकीय विभागाची धुरा शारेत यांच्याकडे आली. राज्य नसलेल्या समाजाचे ते जणू परराष्ट्रमंत्रीच झाले. १९३६ ते १९३९ या अरब उठावाच्या काळात बसगाड्यांवर, मळ्यांवर, वस्त्यांवर हल्ले होत होते. ज्यू नेतृत्वाने त्या वेळी 'हाव्लागा', म्हणजे संयमाचे धोरण स्वीकारले. आपल्या वस्तीचे रक्षण करायचे, पण निरपराध अरबांवर सूड उगवायचा नाही, असे ते धोरण होते. त्यामागे नीती होती आणि व्यवहारही होता. संयम पाळल्यामुळे ब्रिटिश सरकारने हजारो ज्यू तरुणांना साहाय्यक पोलीस म्हणून अधिकृतपणे शस्त्रे दिली. या वाटाघाटींत शारेत अग्रभागी होते. आपली बाजू न्याय्य आहे हे इतरांना पटणे, हीदेखील संरक्षणाची एक फळी असते, हा धडा त्यांनी इथे घेतला आणि तो जन्मभर सोडला नाही.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे ३०,००० ज्यू स्वयंसेवक पॅलेस्टाईनमधून ब्रिटिश सैन्यात दाखल झाले. त्यांची स्वतंत्र ब्रिगेड उभी राहावी यासाठी शारेत यांनी लंडनकडे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९४४ च्या सप्टेंबरमध्ये ती स्थापन झाली. २९ जून १९४६ रोजी ब्रिटिशांनी ज्यू नेत्यांची धरपकड केली, तेव्हा शारेत यांनाही लात्रूनच्या छावणीत काही महिने स्थानबद्ध ठेवण्यात आले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फाळणीचा ठराव मंजूर केला. त्यामागच्या राजनैतिक मोहिमेचे नेतृत्व त्यांचेच होते. १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रावर त्यांची सही आहे. ११ मे १९४९ रोजी इस्रायल संयुक्त राष्ट्रांचा ५९ वा सदस्य झाला, तो त्यांच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत आनंदाचा दिवस असावा.

नव्या राष्ट्राला सीमा मिळाल्या, पण त्या युद्धबंदीच्या रेषा होत्या. १९४८ च्या युद्धात लाखो पॅलेस्टिनी अरब विस्थापित होऊन रेषेपलीकडे गेले होते. त्यांना सरसकट परत घेण्यास शारेत यांचाही विरोधच होता. रात्रीच्या अंधारात ही रेषा ओलांडणाऱ्यांत अनेक जण आपल्या सोडून दिलेल्या शेतातले पीक कापायला, घरातली चीजवस्तू न्यायला किंवा नातलगांना भेटायला येत. पण त्यांच्यात चोर होते, आणि सशस्त्र मारेकरीही होते. सीमेवरच्या नव्या वसाहतींत येमेन, इराक, मोरोक्को, कुर्दिस्तान येथून आलेली, अजून हिब्रूही नीट न येणारी कुटुंबे राहत होती. रात्री दाराबाहेर पाऊल वाजले की ती मुलांना जवळ ओढून बसत. आपले सरकार आपले रक्षण करू शकत नाही, असे या लोकांना वाटू लागले तर वसाहती ओस पडतील, ही भीती खरी होती. लष्कराने यावर प्रतिहल्ल्याचे धोरण आखले. हल्लेखोर ज्या बाजूने आले, तिथल्या गावाला किंवा ठाण्याला इतकी जबर किंमत मोजायला लावायची, की पुढच्या वेळी त्यांनीच हल्लेखोरांना रोखावे.

१२ ऑक्टोबर १९५३ च्या रात्री येहूद या गावातील एका घरात बॉम्ब फेकला गेला आणि एक आई व तिची दोन मुले ठार झाली. बेन-गुरिओन तेव्हा रजेवर होते आणि शारेत हंगामी पंतप्रधान होते. जॉर्डनने गुन्हेगारांच्या शोधात सहकार्य देऊ केले होते. या कारणास्तव नियोजित प्रतिहल्ला रद्द करावा, असे शारेत यांनी संरक्षण खाते सांभाळणाऱ्या पिन्हास लावोन यांना सांगितले. त्यांचे म्हणणे मानले गेले नाही. १४ ऑक्टोबरच्या रात्री एरियल शारोन यांच्या नेतृत्वाखालील १०१ क्रमांकाचे पथक आणि छत्रीधारी सैनिक जॉर्डनच्या ताब्यातील किब्या या गावात शिरले. सुमारे ४५ घरे सुरुंगांनी उडवून देण्यात आली. ६९ माणसे मेली आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रिया व मुले होती.

जगभर संतापाची लाट उसळली. मंत्रिमंडळात शारेत यांनी या कृत्याची निर्भर्त्सना केली. पण त्यांच्यासमोरचा पेच इथे संपला नाही. जगाला काय सांगायचे, हा दुसरा प्रश्न उभा राहिला. हे काम सैन्याचे नसून सीमेवरच्या संतप्त गावकऱ्यांचे आहे, असे जाहीर करण्याची कल्पना पुढे आली. या सांगण्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही आणि खोटे बोलण्याचा डाग वेगळा लागेल, असे शारेत यांचे मत होते. तरीही १९ ऑक्टोबरला बेन-गुरिओन यांनी नभोवाणीवरून तेच सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या युद्धबंदी देखरेख पथकाचे प्रमुख, डेन्मार्कचे मेजर जनरल वान बेनिके यांनी सुरक्षा परिषदेपुढे अहवाल सादर केला आणि तो बनाव टिकला नाही. २४ नोव्हेंबर १९५३ रोजी परिषदेने ठराव क्रमांक १०१ संमत करून इस्रायलची अत्यंत कडक शब्दांत निंदा केली. त्याच ठरावात जॉर्डननेही सीमा ओलांडणाऱ्यांना आवर घालावा, असे म्हटले होते. पण येहूदची ती आई आणि तिची मुले तोवर जगाच्या स्मरणातून पुसली गेली होती. शारेत यांना सर्वांत अधिक बोचले ते हेच. अन्याय झालेली बाजू एका रात्रीत आरोपीच्या पिंजऱ्यात गेली होती.

त्याच सुमारास बेन-गुरिओन यांनी निवृत्त होऊन नेगेव वाळवंटातील स्दे बोकेर या किबुत्झमध्ये मुक्काम हलवला. जानेवारी १९५४ मध्ये शारेत पंतप्रधान झाले, परराष्ट्र खातेही त्यांच्याकडेच राहिले. संरक्षणमंत्री लावोन आणि सरसेनापती मोशे दायान हे दोघेही त्यांच्या मताचे नव्हते. पंतप्रधानपदाच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या धोरणाची कसोटी लागली. १७ मार्च १९५४ रोजी एलातहून निघालेल्या प्रवासी बसवर माआले अक्राबिमच्या घाटात हल्ला झाला आणि ११ जण ठार झाले. देश सूड मागत होता. शारेत यांनी नकार दिला. हल्लेखोर जॉर्डनचेच होते याचा निर्विवाद पुरावा हाती नव्हता. शिवाय आपण लगेच रक्तपात केला तर या भीषण हत्याकांडाची जगावर उमटलेली छाप धुऊन निघेल आणि आपण मारेकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू, असा त्यांचा विचार होता. त्यांनी प्रकरण संयुक्त युद्धबंदी आयोगाकडे नेले. आयोगाने पुराव्याअभावी जॉर्डनला दोषी ठरवण्याचे टाळले आणि इस्रायलने आयोगातून अंग काढून घेतले.

इथे शारेत यांच्या विरोधकांची बाजूही समजून घ्यायला हवी. संयम दाखवला, कायद्याच्या दारात गेलो, आणि हाती काय आले, हा त्यांचा प्रश्न होता. जगातल्या संस्थांना प्रतिहल्ला दिसतो, कारण तो गणवेशातील सैन्य करते. पण रात्रीच्या अंधारात येणारा अनाम मारेकरी त्यांच्या अहवालात कुठेच सापडत नाही. अशा तराजूवर विसंबून सीमेवरच्या माणसाला झोप लागणार नाही. हा युक्तिवाद पोकळ नव्हता आणि शारेत यांनाही ते ठाऊक होते. आठवडाभरात सीमेवर आणखी एक खून झाला आणि मार्चच्या अखेरीस इस्रायली तुकडीने नहालीन गावावर छापा घातलाच. संयमाची वीण अशी पुन्हापुन्हा उसवत होती.

त्यांच्या सत्तेला दुसरे भगदाड आतूनच पडले. १९५४ च्या उन्हाळ्यात इस्रायली लष्करी गुप्तचर खात्याच्या आदेशावरून इजिप्तमध्ये स्थानिक ज्यू तरुणांनी घातपात घडवले आणि ते पकडले गेले. पंतप्रधानांना या कटाची पूर्वकल्पनाच नव्हती. शारेत त्या काळात मध्यस्थांमार्फत नासर यांच्याशी गुप्त संपर्क साधत होते. आरोपींचे प्राण वाचावेत म्हणून मॉरिस ऑर्बाख या ब्रिटिश खासदारांनाही कैरोला पाठवण्यात आले. ३१ जानेवारी १९५५ रोजी दोघांना फाशी झाली. लावोन यांनी राजीनामा दिला आणि संरक्षणमंत्री म्हणून बेन-गुरिओन परतले.

त्यानंतर आठवड्याभरातच, २८ फेब्रुवारी १९५५ च्या रात्री, गाझातील इजिप्शियन लष्करी तळावर छापा पडला. इजिप्तच्या बाजूचे सुमारे ३८ आणि इस्रायलचे ८ जण त्यात ठार झाले. या छाप्याला शारेत यांनी संमती दिली होती. हानी मर्यादित राहील असे त्यांना सांगण्यात आले होते, ही सबब खरी असली तरी अपुरी आहे. पंतप्रधानाच्या संमतीची जबाबदारी पंतप्रधानाचीच असते. सुरक्षा परिषदेने पुन्हा एकमताने निंदा केली. नासर यांचे धोरण कठोर झाले, फिदाईन हल्लेखोरांना इजिप्तकडून उघड संघटित केले जाऊ लागले आणि सप्टेंबरमध्ये चेकोस्लोव्हाकियाशी मोठा शस्त्रकरार जाहीर झाला.

याच वर्षी शारेत यांनी एक लढाई जिंकली, तिची आठवण क्वचितच काढली जाते. मार्च १९५५ मध्ये पातिश या वसाहतीत लग्नसमारंभ चालू असताना गाझाकडून आलेल्या हल्लेखोरांनी बॉम्ब फेकले. बेन-गुरिओन यांनी मंत्रिमंडळापुढे संपूर्ण गाझापट्टी जिंकून घेण्याचा प्रस्ताव ठेवला. शारेत यांनी विचारले की तिथल्या लाखो निर्वासितांचे पुढे काय करायचे. त्यांचा द्वेष आपल्या राज्याच्या आत आणून शांतता कशी मिळणार? त्या बैठकीत संयुक्त राष्ट्रांची टर उडवली गेली. फाळणीचा ठराव याच संस्थेने केला होता, याची शारेत यांना विसर पडला नव्हता. मंत्रिमंडळाने बहुमताने प्रस्ताव फेटाळला. लोकशाही राज्यात लष्करी निर्णय मतदानाने थांबवता येतो, हे त्या दिवशी दिसले.

जुलैच्या निवडणुकीनंतर नोव्हेंबर १९५५ मध्ये बेन-गुरिओन पुन्हा पंतप्रधान झाले आणि शारेत परराष्ट्रमंत्री राहिले. डिसेंबरमध्ये ते अमेरिकेत शस्त्रे मिळवण्याच्या खटपटीत होते. ती मिळण्याची आशा वाटू लागली असतानाच ११ डिसेंबरच्या रात्री इस्रायली सैन्याने किनेरेत सरोवराच्या पूर्वेकडील सीरियन ठाण्यांवर मोठा हल्ला केला. पन्नासहून अधिक सीरियन ठार झाले आणि अमेरिकेचे दार बंद झाले. परदेशात असलेल्या परराष्ट्रमंत्र्याला याची आगाऊ सूचना नव्हती. सहा महिन्यांनी, जून १९५६ मध्ये, शारेत यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी गोल्डा मेयर आल्या. सुवेझच्या युद्धाची वाट त्यामुळे मोकळी झाली, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

या कथेचा पुढचा भाग आपल्या मुंबईत घडतो. पद गेल्यावर शारेत आशियाच्या दौऱ्यावर निघाले. भारताने १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली होती, मुंबईत वाणिज्य दूतावासही होता, पण पूर्ण राजनैतिक संबंध नव्हते. ते प्रस्थापित व्हायला १९९२ साल उजाडावे लागले. १९५५ च्या बांडुंग परिषदेतूनही इस्रायलला वगळण्यात आले होते. शारेत यांना आशियाशी नाते जोडायचे होते. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी इस्रायली सैन्य सिनाईत शिरले, तेव्हा ते भारतात होते. या मोहिमेची त्यांना कल्पना देण्यात आली नव्हती. त्याच दिवसांत दिल्लीत त्यांची पंडित नेहरूंशी भेट झाली आणि नोव्हेंबरच्या आरंभी ते मुंबईतील आशियाई समाजवादी परिषदेला उपस्थित राहिले. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या जोडीने केलेले हे युद्ध भारतीयांना वसाहतवादाचे पुनरागमन वाटत होते. शारेत यांना स्वतःला ते अमान्य होते. तरी त्यांनी परक्या व्यासपीठावर आपल्या देशाविरुद्ध बोट दाखवले नाही. फिदाईनांच्या हल्ल्यांखाली जगणाऱ्या गावांची बाजू त्यांनी मांडली आणि आपला विरोध मायदेशासाठी राखून ठेवला. ज्या मुंबईतून बेने इस्रायली कुटुंबे त्याच वर्षांत आगबोटीने आणि विमानाने इस्रायलला निघत होती, त्याच शहरात त्या राष्ट्राचा माजी पंतप्रधान एकाकी उभा होता.

उरलेली वर्षे त्यांनी 'आम ओवेद' या प्रकाशनसंस्थेत आणि पुढे जागतिक झायोनवादी संघटनेच्या अध्यक्षपदी घालवली. फेब्रुवारी १९६५ मध्ये मापाई पक्षाच्या अधिवेशनात कर्करोगाने जर्जर झालेले शारेत चाकांच्या खुर्चीतून आले आणि लावोन प्रकरणावरून बेन-गुरिओन यांच्यावर त्यांनी उघड, कठोर टीका केली. आयुष्यभर मनात साठवलेले त्यांनी तेव्हा प्रथमच सर्वांसमोर बोलून दाखवले. ७ जुलै १९६५ रोजी जेरुसलेममध्ये त्यांचे निधन झाले. तेल अवीवच्या जुन्या ट्रम्पेलदोर स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे.

१९७८ मध्ये त्यांच्या पुत्राने त्यांची खासगी रोजनिशी आठ खंडांत प्रसिद्ध केली. ती बाहेर येऊ नये असे अनेकांना वाटत होते, कारण मंत्रिमंडळाच्या बंद दाराआडचे बोलणे तिच्यात होते. इस्रायलच्या टीकाकारांनी तिचा हत्यारासारखा वापर केला, हेही खरे. पण तीच रोजनिशी दुसरी गोष्टही सांगते. ज्या वर्षांत राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात असल्याचे सर्वांना वाटत होते, त्या वर्षांतही सत्तेच्या सर्वोच्च जागी बसलेला एक माणूस रोज रात्री स्वतःच्या सरकारची उलटतपासणी घेत होता. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत त्रुटी होत्या, पक्षपात होता. पण किब्याच्या बाबतीत त्या अहवालाने जे सांगितले, ते शारेत यांना घरबसल्याच ठाऊक होते.

शारेत हरले, असे सामान्यतः लिहिले जाते. सत्तेच्या हिशेबात ते हरलेच. त्यांचा संयम सीमेवरच्या हत्या थांबवू शकला नाही, पण त्यांच्या विरोधकांचे प्रतिहल्लेही त्या थांबवू शकले नाहीत, हे १९५६ च्या युद्धाने दाखवून दिले. ज्या राष्ट्राला शस्त्राशिवाय जगता येत नाही, त्याने शस्त्र उचलताना सत्य सोडू नये आणि दुसऱ्याच्या घरातली मुले विसरू नयेत, एवढीच त्यांची मागणी होती. आपल्यापैकी ज्यांची मुले आज इस्रायली सैन्यात सेवा करतात, त्या मराठी घरांतही रात्री जेवणानंतर हाच वाद रंगतो. बहुतेक घरांत एक बेन-गुरिओन असतो आणि एक शारेत. दोघेही त्याच मुलाच्या काळजीने बोलत असतात.